मोल फलंदाजाचे आणि मोल गोलंदाजाचे

एकाच वस्तूस दोन भाव असू शकतात, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. ग्वाल्हेर संस्थानचा जुना रुपया सराफाकडे नेला तर तो तराजूत टाकून चांदीचा भाव सांगतो. तोच रुपया नाण्यांच्या संग्राहकापुढे ठेवला तर तो साल पाहतो, छाप पाहतो, आणि वजन न विचारता मोल ठरवितो. पहिला भाव उपयोगाचा, दुसरा स्मरणाचा. ह्या दोहोंतील भेद न ओळखल्याने माणूस कसा फसतो, आणि माणसांची पारख करतानाही कशी चूक होते, हे खेळाच्या एका उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणारा तो पिचर आणि तो टोलविणारा तो हिटर. आपल्या क्रिकेटमधील गोलंदाज आणि फलंदाज असेच म्हणाना. त्या देशात खेळाडूंची छापील चित्रकार्डे जमविण्याची आणि विकण्याची मोठी बाजारपेठ आहे. १९०९ ते १९११ ह्या काळात तेथील तंबाखूच्या कंपनीने सिगारेटच्या पाकिटात घातलेल्या कार्डांपैकी काही आज लाखो डॉलरांना विकली जातात. १९५२ सालचे मिकी मँटल ह्या हिटरचे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरांस गेले. परंतु तोलामोलाच्या पिचरचे कार्ड सहसा ह्या भावाच्या जवळपासही पोहोचत नाही. वस्तुतः पिचरवाचून डाव सुरूच होत नाही. मग हा भेद का?

उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे कारण नाही. ते आपल्याच शहरात सापडते. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह मैदानावर सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यातील ते पहिले द्विशतक होय. हा दिवस किला गेटच्या लहान मुलासही ठाऊक असतो. आता वाचकांनी स्वतःशीच एक प्रश्न विचारावा. त्या दिवशी भारताच्या ४०१ धावांना उत्तर देताना दक्षिण आफ्रिकेचा संघ २४८ धावांत बाद झाला. ते गडी कोणी बाद केले? सर्वाधिक ३ गडी श्रीशांतने घेतले होते. परंतु हे किती जणांस आठवते? सामना दोघांनी मिळून जिंकला, स्मरणात मात्र एकच राहिला. आणि कार्ड हे स्मरणाचेच चलन आहे.

हे मैदान ज्यांच्या नावाचे आहे, त्या रूपसिंहांची गोष्टही हेच सांगते. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर हॉकीत २४ विरुद्ध १ असा विजय मिळविला, त्यात रूपसिंहांचे १० आणि त्यांचे बंधू ध्यानचंद ह्यांचे ८ गोल होते. केलेले गोल इतिहासात नोंदले जातात. अडविलेल्या गोलांची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

ह्या भेदाची पहिली मीमांसा अशी की, फलंदाजाचे काम जमेच्या बाजूस दिसते. धावा वाढत जातात, शंभर होतात, दोनशे होतात; प्रत्येक टप्प्यावर टाळी पडते. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितकी ती चांगली, आणि कमी होणाऱ्या आकड्यावर सामान्य माणसाचे मन सहसा बसत नाही. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूर येथे मुंबईच्या सुभाष गुप्ते ह्यांनी वेस्ट इंडीजचे एका डावातील १० पैकी ९ गडी १०२ धावांत बाद केले. तरीही पुढील डावात सोबर्स ह्यांनी १९८ धावा केल्या आणि भारत तो सामना हरला. एवढा मोठा पराक्रम पराभवाच्या खात्यात जमा झाला.

दुसरे कारण वारंवारतेचे आहे. बेसबॉलच्या एका हंगामात प्रत्येक संघाचे १६२ सामने होतात. हिटर जवळजवळ रोज मैदानात दिसतो; डावाचा आरंभ करणारा पिचर साधारणपणे पाच दिवसांतून एकदा. जो रोज दुकानासमोरून जातो, त्याचीच ओळख गिऱ्हाइकास राहते.

तिसरे कारण जोखमीचे, आणि ते व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. पिचरचा हात ही नाजूक वस्तू आहे. १९७४ साली टॉमी जॉन ह्या पिचरच्या कोपरावर जी शस्त्रक्रिया झाली, तिला आज त्याच्याच नावाने ओळखतात, इतकी ती त्या खेळात नित्याची झाली आहे. स्टीफन स्ट्रासबर्ग ह्याने २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ गडी टिपले. २०१९ च्या अखेरीस त्याच्याशी सात वर्षांचा २४ कोटी ५० लाख डॉलरांचा करार झाला. त्यानंतर दुखापतींमुळे तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. नवोदिताचे कार्ड घेणारा मनुष्य वस्तुतः पुढील पंधरा वर्षांवर पैसे लावीत असतो. जेथे माल वाटेतच खराब होण्याचे भय अधिक, तेथे बाजार आधीच भाव पाडून मागतो.

आता कोणी म्हणेल, मग पिचरची योग्यताच कमी असली पाहिजे. तसे मुळीच नाही. ज्यांना सामने जिंकावयाचे असतात, ते संघमालक काय करतात ते पाहावे. डिसेंबर २०२३ मध्ये यामामोतो ह्या जपानी पिचरशी लॉस एंजेलिसच्या संघाने १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला. त्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात सर्वांत मोठी बोली, २४ कोटी ७५ लाख रुपयांची, मिचेल स्टार्क ह्या गोलंदाजावर लागली. उपयोगाचा भाव लावणारा गिऱ्हाईक गोलंदाजास डावलीत नाही. स्मरणाचा भाव लावणारा डावलतो.

बेब रूथ ह्या खेळाडूचे १९१४ सालचे कार्ड ह्या दृष्टीने बोलके आहे. त्यावर त्याची नोंद पिचर म्हणून आहे. २०२३ मध्ये ते ७२ लाख डॉलरांस विकले गेले. परंतु ही किंमत त्या पिचरची नव्हे, पुढे तो जो विख्यात हिटर झाला त्याची. ह्यास अपवाद नाहीत असेही नाही. पॉल स्कीन्स ह्या तरुण पिचरचे एक कार्ड २०२५ मध्ये अकरा लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. मात्र तशा प्रकारचे ते एकमेव कार्ड होते. जेथे वस्तू एकच आणि घेणारे अनेक, तेथे सामान्य नियम चालत नाही.

ह्यातून दोन बोध घ्यावेसे वाटतात. पहिला, आपल्या घरांतील तरुण आज अशा वस्तूंत पैसे गुंतवू पाहतात. त्यांनी एवढेच विचारावे की, हा भाव उपयोगाचा आहे की स्मरणाचा? स्मरणाचा असेल तर तो लोकांच्या मनावर उभा आहे आणि मन पालटले की तोही पालटेल. हौसेसाठी घ्यावे, मुद्दल त्यात अडकवू नये.

दुसरा बोध अधिक मोलाचा आहे. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर ह्यांनी प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ५८९ गडी बाद केले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ गडी घेतले. तरीही एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. २०२५ मध्ये ते निवर्तले. आपल्या पेढीवरही असे शिवलकर असतात. विक्री करणाऱ्याचा आकडा रोज संध्याकाळी डोळ्यांपुढे येतो. परंतु बुडीत उधारी वेळीच ओळखणारा मुनीम, ओला माल वखारीत येऊ न देणारा वृद्ध नोकर, वायफळ खर्चास आळा घालणारी गृहिणी, ह्यांनी वाचविलेला पैसा कोणत्याही वहीत जमा होत नाही. बाजाराने त्यांचे मोल कमी लावले तर तो बाजाराचा स्वभाव आहे. मालकाने मात्र तसे करू नये. नवीन वही घालताना त्यांच्या नावापुढे काय मांडावे, ह्याचा विचार प्रत्येक सभासदाने आपल्या मनाशी करावा.