‘कितीपैकी किती?’ : अनुकूली प्रवेश परीक्षा आणि तिचे गुण

परीक्षा देऊन मूल घरी परतले की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती प्रश्न सोडविलेस? कितीपैकी किती बरोबर येतील? शंभर गुणांच्या छापील प्रश्नपत्रिकेवर आपल्या तीन-चार पिढ्या वाढल्या असल्यामुळे या प्रश्नात काही वावगे आहे, असे कोणास वाटत नाही. परंतु परदेशातील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी जावयाचे झाल्यास आपल्या पदवीधरांना ज्या परीक्षा द्याव्या लागतात, त्यांपैकी जी.आर.ई. आणि जीमॅट या दोन प्रमुख परीक्षांच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू ठरतो. किती बरोबर आले, हे परीक्षा देणाऱ्यास सांगता येत नाही. आणि सांगता आले तरी त्यावरून गुण काढता येत नाहीत.

या परीक्षा पूर्वी महानगरांतील मोजक्या घरांपुरत्या मर्यादित होत्या. आज तालुक्याच्या ठिकाणची, शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुलेमुलीही त्या देतात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या शासकीय योजनांमुळे तो मार्ग अनेकांना दिसू लागला आहे. अशा वेळी सल्ला विचारला जातो तो गावातील शिक्षकास, ग्रामसेवकास किंवा एखाद्या जाणत्या पंचायत सदस्यास. चुकीच्या सल्ल्याची किंमत मात्र विचारणाऱ्यास मोजावी लागते.

प्रस्तुत लेखकाच्या हातून हे एकदा घडले आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी जीमॅट परीक्षेस बसणार होती. ‘पहिले दहा प्रश्न जपून सोडव, सगळे गुण त्यांवरच ठरतात,’ असे मी कोठेतरी ऐकलेले तिला ठामपणे सांगितले. तिने ते प्रमाण मानले. पहिल्या दहा प्रश्नांत तिने निम्म्याहून अधिक वेळ घालविला आणि शेवटचे पाच प्रश्न तिला पाहताही आले नाहीत. ‘सर, कितीपैकी किती ते सांगता येत नाही, पण पाच राहिले एवढे नक्की,’ असे ती म्हणाली. तिच्या वडिलांनी परीक्षेची फी हातउसनी आणली होती. ती त्यांना पुन्हा एकदा आणावी लागली. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला.

तागडी आणि वजने

उमेदवाराप्रमाणे बदलणारी परीक्षा म्हणजे अनुकूली परीक्षा. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. तोंडी परीक्षा घेणारा अनुभवी परीक्षक नेहमी हेच करतो. मुलाने पाढे बिनचूक म्हटले की तो त्याला त्रैराशिक घालतो. त्रैराशिक अडले की भागाकारावर येतो. दहा मिनिटांत त्याला मुलाचा आवाका कळतो, आणि त्यासाठी प्रत्येक मुलास तेच वीस प्रश्न विचारण्याची गरज त्याला भासत नाही. फ्रान्समध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या बुद्धिमापनासाठी तयार केलेल्या कसोटीतही चढत्या काठिण्याची ही रीत होती.

मात्र दोन मुलांना भिन्न प्रश्न विचारल्यावर त्यांची तुलना कशी करावयाची, हा खरा पेच होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर डेन्मार्कचे जॉर्ज राश आणि अमेरिकेतील फ्रेडरिक लॉर्ड यांच्यासारख्या गणितज्ञांनी तो सोडविला. त्यांच्या विचाराचे सार असे की, प्रश्नाचे काठिण्य आणि उमेदवाराची क्षमता ही दोन्ही एकाच मापपट्टीवर मांडावीत. प्रत्येक प्रश्न आधी पुष्कळ उमेदवारांना घालून त्याचे काठिण्य निश्चित केले जाते. तो प्रश्न जाणकार आणि कच्चा यांच्यांत कितपत फरक करतो, नुसत्या अंदाजाने तो कितपत सुटतो, याचाही हिशेब ठेवला जातो. मग परीक्षेच्या वेळी प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या क्षमतेचा अंदाज नव्याने मांडतो आणि त्या अंदाजाजवळचा पुढील प्रश्न निवडतो.

किराणा दुकानातील तागडी डोळ्यांसमोर आणली म्हणजे हे सहज कळेल. एका पारड्यात अज्ञात वजनाचे गाठोडे आहे. दुकानदार एक किलोचे माप टाकतो; पारडे उचलले जात नाही. दोन किलोचे टाकतो. ते खाली बसते. मग अर्धा किलो, पाव किलो असे करीत काटा स्थिरावतो. आपण किती मापे टाकली आणि किती काढली हे तो मोजत नाही. काटा कोठे स्थिरावला तेवढे पाहतो. अनुकूली परीक्षेतील गुण म्हणजे काटा स्थिरावल्याची जागा होय.

यातून एक गोष्ट निघते, आणि ती उमेदवाराच्या मनावर बिंबविणे अत्यंत अगत्याचे आहे. जो प्रश्न सुटण्याची आणि न सुटण्याची शक्यता जवळजवळ सारखी असते, तोच प्रश्न परीक्षकास सर्वाधिक माहिती देतो. म्हणून संगणक मुद्दाम अशाच प्रश्नांच्या आसपास राहतो. परिणामी हुशार उमेदवाराचेही बरेच प्रश्न चुकतात. शालान्त परीक्षेत पंचाण्णव टक्के मिळविण्याची सवय झालेल्या मुलीला प्रत्येक तिसरा प्रश्न डोंगराएवढा वाटू लागला, तर ती धीर सोडते. वास्तविक तो डोंगर पुढे आला याचा अर्थ बहुधा ती चढणीवर आहे, इतकाच असतो.

दोन परीक्षा, दोन पद्धती

जी.आर.ई.ने ही पद्धत १९९३ मध्ये आणि जीमॅटने १९९७ मध्ये स्वीकारली. तथापि आज दोहोंची रचना सारखी नाही, आणि ही तफावत न जाणता दिलेला सल्ला घातक ठरतो.

जीमॅटमध्ये प्रत्येक प्रश्नागणिक काठिण्य बदलते. फेब्रुवारी २०२४ पासून या परीक्षेचे नवे रूपच तेवढे उपलब्ध आहे. गणिताचे २१, भाषेचे २३ आणि माहिती-विश्लेषणाचे २० प्रश्न असे तिचे तीन विभाग असून प्रत्येकास ४५ मिनिटे मिळतात. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विभाग संपल्यावर वेळ उरला असेल तर मागे वळून पाहता येते, पण जास्तीत जास्त तीनच उत्तरे बदलता येतात. अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांमुळे गुण घटतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी दोन मिनिटे! आरंभीच्या उत्तरांनी अंदाज मोठ्या पावलांनी हलतो हे खरे. परंतु तो पुढील उत्तरांनी सुधारलाही जातो. शेवटी कोऱ्या राहिलेल्या प्रश्नांचे नुकसान मात्र भरून येत नाही. माझा सल्ला फसला तो नेमका येथे.

जी.आर.ई.ची रीत निराळी आहे. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे. प्रारंभी ३० मिनिटांचा एक निबंध. त्यानंतर भाषेचे दोन आणि गणिताचे दोन भाग. प्रत्येक विषयाच्या पहिल्या भागात १२ व दुसऱ्यात १५ प्रश्न असतात. येथे प्रश्नागणिक नव्हे, तर भागागणिक बदल होतो : पहिला भाग कसा सोडविला त्यावरून दुसऱ्याचे काठिण्य ठरते. एका भागाच्या आत प्रश्न सोडून पुढे जाणे, परत येणे, उत्तर बदलणे हे सर्व चालते. चुकीच्या उत्तरास दंड नाही. म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

‘सोपा प्रश्न आला, म्हणजे मागचा चुकला’ असा तर्क परीक्षा चालू असताना करीत बसणाऱ्यांची संख्या बरीच आहे. हा तर्क करूच नये. विषयांचा समतोल राखण्यासाठीही प्रश्न बदलतात; जीमॅटमध्ये काही प्रश्न केवळ चाचपणीसाठी घातलेले असतात व त्यांना गुण नसतात; आणि एखादा प्रश्न आपणास सोपा वाटला म्हणून तो मापपट्टीवर सोपा असतोच असे नाही.

गुणांचे वाचन

जी.आर.ई.चे भाषा व गणित यांचे गुण प्रत्येकी १३० ते १७० या पट्टीवर मिळतात. १३० हे तेथील शून्यच होय. हे ठाऊक नसल्यास १७० पैकी १४० म्हणजे ‘ऐंशी टक्क्यांच्या वर’ असा हिशेब करून पेढे वाटले जातात. नव्या जीमॅटचे एकूण गुण २०५ ते ८०५ असून ते नेहमी ५ या अंकाने संपतात. ३१ जानेवारी २०२४ पर्यंत चाललेल्या जुन्या परीक्षेचे गुण २०० ते ८०० असत व त्यांच्या शेवटी शून्य येई. दोन्ही पट्ट्या दिसावयास सारख्या, परंतु मापे भिन्न आहेत. नव्या परीक्षेतील ६४५ हे जुन्या परीक्षेतील सुमारे ७०० च्या तोडीचे मानले जातात. दोन्ही परीक्षांचे गुण पाच वर्षे ग्राह्य असल्यामुळे आज एकाच घरात थोरल्या भावाचे जुने ७०० आणि धाकटीचे नवे ६४५ शेजारी शेजारी असू शकतात. धाकटी मागे पडली, असा निष्कर्ष तेथे कोणी काढू नये.

म्हणून पट्टीवरील आकड्यापेक्षा त्याच्यासोबत दिलेला पर्सेंटाइल, म्हणजे शतमक, पाहावा. आपल्याखाली किती उमेदवार आहेत हे तो सांगतो. हा शब्द आपल्याकडे एम.एच.टी.-सी.ई.टी.मुळे घरोघर पोचला आहे. परंतु टक्के आणि शतमक यांची गल्लत अद्याप सर्रास होते. सी.ई.टी.मध्ये ९० शतमक म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. त्या सत्रातील शंभरांपैकी नव्वद उमेदवारांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, असा त्याचा अर्थ आहे. येथे हेही नमूद केले पाहिजे की, सी.ई.टी. संगणकावर होत असली तरी ती अनुकूली नाही. एका सत्रातील सर्वांना एकच काठिण्याची प्रश्नपत्रिका मिळते. सत्रे अनेक असल्यामुळे शतमक काढावा लागतो. व्यवस्थापन संस्थांची ‘कॅट’ परीक्षाही २००९ पासून संगणकावर होते, तीही अनुकूली नाही. अनुकूली परीक्षेचे इंग्रजी आद्याक्षरांचे नावही ‘कॅट’च असल्यामुळे गोंधळात भर पडते.

परीक्षेच्या दिवसापूर्वी आणि त्या दिवशी

सर्वांत मोठी अडचण ज्ञानाची नसते, ती नावाची असते. आपल्या शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असा क्रम असतो. या परीक्षांसाठी ओळख पटविण्यास पारपत्र लागते असे धरून चालावे, आणि पारपत्रावर आडनाव व इतर नाव वेगवेगळ्या रकान्यांत असते. नोंदणीतील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळले नाही, तर उमेदवारास केंद्राच्या दारातून परत फिरावे लागू शकते. भरलेली फीही मग हातची जाते. विवाहानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे विशेष काळजीने पाहावे. पारपत्र मिळण्यास वेळ लागतो. म्हणून परीक्षेचा विचार मनात येताच अर्ज करावा. ओळखपत्राचे चालू नियम नोंदणीच्या वेळीच वाचून घ्यावेत.

सरावासाठी पैसे खर्च करण्याची घाई नको. दोन्ही परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी प्रत्येकी दोन सराव परीक्षा विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत, आणि त्या खऱ्या परीक्षेप्रमाणेच बदलतात. छापील पुस्तकातून विषय पक्का होतो. बदलत्या काठिण्याखाली घड्याळ सांभाळण्याची सवय मात्र संगणकापुढेच लागते. ज्या गावात शाळेची संगणक खोली किंवा ग्रामपंचायतीची अभ्यासिका आहे, तेथे अशा उमेदवारास सुटीच्या दिवशी सलग अडीच तास, कोणाचाही व्यत्यय न होता, एक यंत्र मिळवून देणे अवघड नाही. वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात एवढेच. भ्रमणध्वनीवर वाढलेल्या मुलांचा हात माऊस आणि कळफलकावर बसलेला नसतो. जी.आर.ई.चा निबंध टंकलिखित करावा लागतो व तेथे शुद्धलेखन तपासणारी सोय नसते.

कोऱ्या कागदाचीही गोष्ट लक्षात ठेवावी. जीमॅटच्या केंद्रावर कच्च्या कामासाठी पुसता येणारी पाटीवजा वही व लेखणी मिळते. गणित विभागात गणकयंत्र मिळत नाही, ते केवळ माहिती-विश्लेषणात पडद्यावर येते. जी.आर.ई.च्या गणितात मात्र ते पडद्यावर असते. सराव त्याच साधनांनी करावा. जीमॅटमध्ये विभागांचा क्रम उमेदवारास निवडता येतो आणि मध्ये दहा मिनिटांची एक विश्रांती घेता येते, जी.आर.ई.मध्ये ठरलेली विश्रांती नाही. क्रम कोणता घ्यावयाचा, हे घरीच ठरवून जावे.

केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत असतात. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून सकाळी थेट केंद्रावर जाणे टाळावे. एक मुक्काम आधी करावा आणि वेळेपूर्वी अर्धा तास पोचावे. घड्याळ, पाकीट, भ्रमणध्वनी, हे सर्व बाहेर ठेवावे लागते.

निकाल मनासारखा न लागल्यास जीमॅट १६ दिवसांनी आणि जी.आर.ई. २१ दिवसांनी पुन्हा देता येते. बारा महिन्यांत दोन्ही परीक्षा पाच वेळा देता येतात. विद्यापीठांच्या अर्जाची अंतिम तारीख पाहूनच पहिली तारीख निवडावी, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नास जागा उरते. माझ्या विद्यार्थिनीजवळ ती जागा होती. दुसऱ्या खेपेस तिने मनगटावरचे घड्याळ घरीच ठेवून पडद्यावरील घड्याळाकडे पाहत प्रत्येक प्रश्नास दोन मिनिटे दिली, न सुटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने भरून ती पुढे सरकली आणि तिन्ही विभाग तिने पूर्ण केले. संध्याकाळी तिचा दूरध्वनी आला, तेव्हा मी तिला किती बरोबर आले हे विचारले नाही. किती राहिले ते विचारले. ‘एकही नाही, सर,’ असे तिने सांगितले.