रंग भरण्याआधी आकडा वाचा

जनगणनेचे आकडे नकाशावर मांडायला शिकणाऱ्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच सांगते: संगणक नकाशा काढून देतोच. आकडा चुकीचा असो, सीमा जुनी असो, दोन्हींचा मेळ बसत नसो, क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते मोफत मिळते आणि थोड्या सरावाने हाताला बसते. आकडा नीट ओळखायला मात्र जास्त वेळ लागतो, आणि नेमकी तिथेच घाई होते.

आदिवासी भागात आरोग्य शिबिरे कुठे घ्यायची हे ठरवण्यासाठी एका संस्थेने तालुकावार नकाशा तयार केला होता. तो तपासायला माझ्याकडे आला. २०११च्या जनगणनेतले अनुसूचित जमातींचे प्रमाण त्यात रंगांनी दाखवले होते. नकाशा देखणा होता, पण रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका अगदी फिकट होता, जणू तिथे आदिवासी नावालाच आहेत. माथेरानच्या पायथ्याच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांवर मी काम केले आहे, त्यामुळे तो रंग लगेच खटकला. फाइल उघडून पाहिली, तर आकडे तालुक्याच्या नावावरून जोडलेले. कर्जत महाराष्ट्रात दोन आहेत, दुसरा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. यादी जिल्ह्यांच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली, म्हणून नगरचा कर्जत आधी आला आणि त्याचाच आकडा दोन्हीकडे बसला. तो नकाशा तसाच पुढे गेला असता, तर ज्या वाड्यांसाठी शिबिरे होती त्याच वगळल्या गेल्या असत्या.

खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशीममध्येही. कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्येही. शिवाय जिल्ह्यांची नावे बदलतात आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक फाइलमध्ये वेगळे असते. म्हणून जोडणी नावावरून कधीच करू नका, जनगणनेच्या कोडवरून करा. २०११च्या यादीत राज्याला दोन अंकी, जिल्ह्याला तीन अंकी आणि तालुक्याला पाच अंकी कोड आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे कोड शून्याने सुरू होतात. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की ते पहिले शून्य उडते आणि जोडणी फसते. म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट म्हणून आत घ्या. जोडणी झाली की रिकामे राहिलेले तालुके मोजा. त्यांना वेगळा राखाडी रंग द्या आणि सूचीत ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहा. कोरा तालुका छापील कागदावर ‘सर्वांत कमी’ असाच वाचला जातो.

दुसरी खबरदारी भागाकाराची. साक्षरतेचा दर सात वर्षे आणि त्यापुढच्या लोकसंख्येवर काढतात. २०११मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती, त्यात सहा वर्षांपर्यंतची मुले १,३३,२६,५१७. ही मुले वगळून भागले की साक्षरता ८२.३४ टक्के येते. न वगळता भागले तर ती ७३ टक्क्यांच्या आतच राहते. त्यातून जिथे लहान मुले जास्त, तो तालुका आहे त्याहून अधिक मागास दिसतो. रकान्याचे नाव पाहून अंदाज बांधू नका, त्याची व्याख्या वाचा.

तिसरी गोष्ट वर्गवारीची. २०११मध्ये मुंबई उपनगरात दर चौरस किलोमीटरला सुमारे २१ हजार माणसे होती, पुणे जिल्ह्यात ६०३ आणि गडचिरोलीत ७४. या आकड्यांचे पाच समान अंतराचे वर्ग पाडले, तर दोन्ही मुंबई सोडून राज्यातले उरलेले सगळे ३३ जिल्हे एकाच रंगात जातात. पुणे आणि गडचिरोली यांच्यात काही फरकच उरत नाही. म्हणून आधी आकडे उतरत्या क्रमाने लावून पाहा, ते कुठे तुटतात ते बघा आणि मग वर्ग ठरवा. एकूण संख्या रंगांनी भरूच नका. रंग प्रमाणासाठी ठेवा, संख्येसाठी लहानमोठी वर्तुळे काढा.

चौथी गोष्ट सीमांची. २०११मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर होती, देशात सर्वाधिक. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातले आठ तालुके वेगळे होऊन पालघर जिल्हा झाला. आजच्या सीमांवर २०११चा जिल्ह्याचा आकडा बसवला, तर आजच्या ठाण्यात पालघरची माणसेही मोजली जातात आणि पालघर कोरा राहतो. अशा वेळी तालुक्यांचे आकडे घ्या आणि नव्या जिल्ह्याप्रमाणे बेरीज करा. जुन्या ठाण्याने आणखी एक धडा दिला. जिल्ह्याच्या सरासरीत कल्याण आणि मोखाडा एकाच रंगाखाली झाकले जात होते. प्रश्न कुपोषणाचा किंवा शाळेचा असेल, तर जिल्ह्यावर थांबू नका.

क्षेत्रफळ आणि अंतर अंशांत मोजू नका, त्यासाठी मीटरमधले प्रक्षेपण लागते. यूटीएम हे असेच एक प्रक्षेपण. त्याच्या ४३व्या आणि ४४व्या पट्ट्यांमधली रेषा ७८ अंश रेखांशावर आहे, त्यामुळे अमरावती ४३व्या पट्ट्यात येते आणि नागपूर ४४व्या. एका जिल्ह्याचे काम असेल तर त्याचा पट्टा निवडा. संपूर्ण राज्याची घनता काढायची असेल तर जनगणनेनेच दिलेले क्षेत्रफळ वापरणे बरे.

एवढे पक्के झाले की मगच मोरान्स आय, हॉटस्पॉट अशा विश्लेषणाकडे वळा. शेजारचे तालुके एकमेकांसारखे आहेत का, हे त्यातून कळते. पण हे उत्तर तालुक्यांबद्दलचे असते, त्यात राहणाऱ्या एकेका कुटुंबाबद्दलचे नसते. जिथे आदिवासी जास्त तिथे साक्षरता कमी दिसली, तरी निरक्षर आहेत ते आदिवासीच, असे त्या नकाशावरून म्हणता येत नाही. हा निष्कर्ष फार सहज काढला जातो आणि तो माणसांवर अन्याय करतो.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. ते आकडे येतील तेव्हा नकाशांचा पूर येईल आणि त्यांवरून निधी, शाळा, दवाखाने ठरतील. तोवर २०११च्या आकड्यांवर हात बसवा. सुरुवात स्वतःच्या तालुक्यापासून करा, कारण तिथली चूक तुम्हाला नुसत्या नजरेने कळेल. आणि परक्या भागाचा नकाशा कुणाच्या हाती देण्याआधी तिथल्या आशाताईंना, शिक्षकांना किंवा ग्रामसेवकांना तो दाखवा. त्यांनी ‘हे असं नाहीये’ म्हटलं, तर आधी त्यांचं ऐका आणि फाइल पुन्हा उघडा.