वेग, ब्रेक आणि शहराचे रस्ते

'वाहने हळू चालवा' ही पाटी आपण नेहमी वाचतो. पण हळू म्हणजे किती? थोडे गणित करून पाहू या.

समजा, ताशी 30 कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला 8.3 मीटर, एक मोटार येत आहे. 14 मीटर पुढे एक मूल चेंडूमागे रस्त्यावर धावत आले. ते दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे 1 सेकंद जातो. तेवढ्यात मोटार 8.3 मीटर पुढे येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेकमुळे मिळणारे ऋण त्वरण 7 मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. वेगाच्या वर्गाला त्याच्या दुपटीने, म्हणजे 14 ने भागले की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर मिळते: सुमारे 5 मीटर. एकूण 13.3 मीटर. मूल थोडक्यात वाचले!

आता वेग ताशी 60 कि.मी. करा. पहिल्या सेकंदातच मोटार 16.7 मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ती पूर्ण वेगाने मुलावर आदळते. ब्रेकनंतरचे अंतरही दुप्पट नव्हे, चौपट होते. पावसात ते आणखी वाढते.

यातून नगररचनेचा एक नियम निघतो: दूरची वेगवान वाहने आणि शाळेत जाणारी मुले यांचा रस्ता एक असू नये.

आपल्या खानदेशातच पाहा. धुळ्याची नवी वस्ती कॅप्टन ब्रिग्जच्या काळात, 1819 नंतर वाढली. तेव्हा रस्त्यावरचा वेग बैलगाडीचा होता. धुळ्यातील समांतर गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. जळगावात सुरत-नागपूर महामार्गाच्या (पूर्वीचा क्र. 6, आताचा 53) दोन्ही बाजूंना वस्ती वाढली. त्यामुळे ट्रक आणि सायकली एकाच रस्त्यावर आल्या.

यावर उपाय कोणते? दूरच्या वाहनांसाठी बाह्यवळण रस्ता, गावातल्या गावात फिरणाऱ्यांसाठी महामार्गालगत समांतर रस्ते, पलीकडे जाण्यासाठी भुयारी मार्ग आणि गल्लीत गतिरोधक. रस्ता नुसता रुंद केला, तर वेगच वाढतो.

करून पाहा : शाळेच्या मैदानावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, 20 मीटर अंतर आखा. ते सायकलने एकदा 8 सेकंदांत आणि एकदा 4 सेकंदांत पार करा. शेवटच्या रेषेवर ब्रेक दाबा आणि सायकल थांबेपर्यंतचे अंतर मोजा. दोन अंतरांचे गुणोत्तर किती येते? मग आपल्या शाळेच्या रस्त्याचा नकाशा काढून त्यावर धोक्याची ठिकाणे दाखवा.