वैमानिकाचा पगार आणि विमान कंपनीची तिजोरी



मागच्या महिन्यात बाग सेवनियातलेच एक पालक शाळेत आम्हाला भेटायला आले. मुलाला बारावीनंतर वैमानिक व्हायचे आहे, त्यासाठी राहते घर गहाण ठेवून कर्ज काढावे का, असा त्यांचा प्रश्न होता. “सर, एकदा लायसन्स मिळाले की पगार लाखात असतो म्हणतात,” ते म्हणाले. पगार चांगला असतो हे खरेच. पण तो कोठून येतो आणि कंपनी अडचणीत आली तर त्याचे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय घराच्या कागदांना हात लावू नये, असे आम्ही त्यांना सांगितले. ते बोलणे सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

लहान कंपनी अडचणीत का येते?

केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतील पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली. त्यांत ट्रूजेट कंपनीचे नांदेड–हैदराबाद विमान होते. काही आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासाला सुमारे २५०० रुपये ठरवले गेले. होणारी तूट सरकार भरून देणार, पण तीन वर्षांपर्यंतच. त्याच वर्षी डिसेंबरात एअर डेक्कनने लहान विमानांनी जळगाव व नाशिक मुंबईला जोडले. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, एअर डेक्कनने काम थांबवून सर्व कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. ट्रूजेटची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद पडली.

आता एक हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ७० आसनी विमानाच्या एका फेरीचा खर्च २ लाख रुपये आणि सरासरी भाडे ४००० रुपये. खर्च निघायला ५० प्रवासी हवेत. आले ४०, तर एका फेरीत ४० हजारांची तूट. दिवसाला सहा फेऱ्या धरल्या तर महिन्याला ७२ लाख! इंधन महागले तरी ते भरावेच लागते. विमाने बहुधा भाड्याची असतात आणि ते भाडे डॉलरमध्ये द्यायचे असते. मोठी कंपनी एका मार्गाचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून काढते. चार-पाच विमानांच्या कंपनीचे एक विमान दुरुस्तीला गेले, तरी तिची मिळकत लगेच घटते.

पगारावर काय परिणाम होतो?

इंधन उधार मिळाले नाही तर विमान उडत नाही, म्हणून ते पैसे आधी जातात. पगार मात्र “पुढच्या आठवड्यात” म्हणून लांबवता येतो. वैमानिकाच्या मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. फेऱ्या कमी झाल्या की तोही घटतो. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटच्या वैमानिकांचे पगार तर आधीच काही महिने थकले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेटची मालमत्ता विकून देणी फेडण्याचा आदेश दिला. अशा विक्रीच्या पैशांवर हक्काची रांग कायद्याने ठरलेली असते. त्यामुळे थकलेला पगार पूर्ण मिळेलच असे नाही आणि वाट वर्षानुवर्षे पाहावी लागते.

दुसरी नोकरी लगेच का मिळत नाही?

वैमानिकाचा परवाना विमानाच्या प्रकाराशी जोडलेला असतो. एटीआर चालवणाऱ्याला एअरबस चालवायची तर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला पुन्हा काही लाख लागतात. ९० दिवसांत किमान तीन उड्डाणे व तीन अवतरणे केली नसतील तर प्रवासी विमानावर बसण्याआधी पुन्हा सराव करावा लागतो. नव्या कंपनीत ज्येष्ठताही बहुधा खालून सुरू होते. शिवाय एक कंपनी बुडाली की शेकडो अनुभवी वैमानिक एकाच वेळी नोकरी शोधतात. २०० तासांच्या उड्डाणावर परवाना घेतलेला नवा मुलगा त्यांच्या मागे उभा राहतो. त्याचे हप्ते मात्र थांबत नाहीत.

मग हे स्वप्न सोडावे का? मुळीच नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० व इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्यांना वैमानिक लागणारच. मात्र अंथरूण पाहून पाय पसरावेत. म्हणून पालकांना आमच्या चार सूचना:

१) फी भरण्यापूर्वी मुलाची वैमानिकाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.
२) प्रशिक्षणानंतर एक-दोन वर्षे नोकरी नाही असे धरून हप्त्यांचा हिशेब मांडावा. राहते घर शक्यतो त्यात गुंतवू नये.
३) सोबत पदवीही पूर्ण करावी.
४) नोकरी स्वीकारताना पगाराच्या आकड्याबरोबर कंपनीची विमाने किती आणि पगार वेळेवर होतात का, हेही विचारावे.

ते पालक हिशेबाचा कागद घेऊन घरी गेले. मुलाची वैद्यकीय तपासणी आधी करू, घराचे नंतर पाहू, असे त्यांनी कळवले आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय: वरील उदाहरणात सरासरी भाडे ३२०० रुपये झाले, तर खर्च निघायला किती प्रवासी लागतील? मग ७० आसनांपैकी किती रिकामी राहिली तरी चालेल? उत्तर वर्गशिक्षकांना दाखवा.