रक्तपरीक्षेचा अधिकार कोणाला?

श्रावणाच्या तोंडावर आमच्या तळवलींत कोणाच्या ना कोणाच्या घरीं ताप असतोच. पावसाचें पाणी गल्लीबोळांत साठतें, डांस वाढतात, आणि मूल तापानें फणफणलें कीं आई त्याला घेऊन डॉक्टरांकडे धांवते. डॉक्टर नाडी पाहतात, जीभ पाहतात आणि कागदावर दोन ओळी लिहून म्हणतात, “रक्त तपासून आणा.” तेथून पुढें काय घडतें, हें आपणांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. हाताला सुई टोंचली जाते, लहानशा नळींत रक्त भरलें जातें आणि संध्याकाळीं एक छापील कागद हातीं येतो. त्या कागदावरील आंकड्यांवरून औषध ठरतें, कधीं शस्त्रक्रिया ठरते, कधीं माणसाचें जगणें-मरणेंही ठरतें. हे आंकडे कोणीं काढले? त्याला तें काम येतें, याची खात्री कोणीं करून घेतली? आणि खालीं ज्याची सही आहे त्याला ती करण्याचा अधिकार काय? या तीन प्रश्नांचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक इतिहास सांगतों. तो फार दूरचा नाहीं. खाडीपलीकडे मुंबईंत, परळ येथें, त्याचा उगम आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें हाहाकार उडविला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले आणि थोड्याच महिन्यांत त्यांनीं प्लेगची लस तयार केली. ती निर्धोक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढें १८९९ सालीं त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत गेली, आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊं लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल नांवाच्या खेड्यांत १०७ जणांना ही लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांच्या वांट्याला एकाच बाटलींतील लस आली होती. कांहीं दिवसांतच त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. चौकशी झाली. हाफकिन यांनीं लशीच्या कृतींत पूर्वींचें कार्बोलिक अॅसिड गाळून केवळ उष्णतेवर भर दिला होता, म्हणून परळच्या प्रयोगशाळेंतच दोष असला पाहिजे असें ठरलें. ज्यानें आपल्या जिवावर प्रयोग केला, त्याच्याच कपाळीं कलंक लागला व त्याला आपली जागा सोडावी लागली.

परंतु साक्षीपुराव्याच्या कागदांत एक लहानशी गोष्ट नोंदलेली होती. ती बाटली उघडतांना गांवांतील सहाय्यकाच्या हातांतून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून निर्जंतुक करण्याऐवजीं त्यानें तो केवळ औषधी पाण्यांत बुडविला आणि त्याच चिमट्यानें बूच काढलें. धनुर्वाताचे जंतू मातींतच राहतात, हें आपण शाळेंत शिकलांच आहां. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून हाफकिन यांचा कैवार घेतला, आणि त्याच वर्षीं सरकारनें त्यांना दोषमुक्त केलें. १९२५ सालीं परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें. तें आजही तिच्या दारावर आहे.

या कथेचें सार काय? दुधाच्या घागरींत मिठाचा खडा पडावा तसें झालें. लस शोधणाऱ्याची विद्वत्ता, प्रयोगशाळेंतील शेंकडों लोकांचे श्रम, डॉक्टरांची पदवी, हें सर्व एका हातांतील चिमट्याजवळ येऊन अडलें. तो सहाय्यक दुष्ट नव्हता. चिमटा ज्योतीवर कां धरावयाचा, हें त्याच्या मनांत पक्कें रुजलें असतें, तर एकोणीस घरें उजाड झालीं नसतीं. म्हणून प्रयोगशाळेंतील मोठ्यांत मोठ्या अधिकाऱ्यापासून नळ्या धुणाऱ्यापर्यंत प्रत्येकाची योग्यता पाहिली पाहिजे, हा धडा यांतून मिळतो.

येथें दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेवावा. एक शब्द ‘अर्हता’ आणि दुसरा ‘क्षमता’. अर्हता म्हणजे पदवी, पदविका, परीक्षेचें प्रमाणपत्र. आपण एके काळीं तें शिकलों होतों, एवढेंच तें सांगतें. क्षमता म्हणजे तें काम आज, या यंत्रावर, या नमुन्यावर बिनचूक करतां येणें. अर्हतेवांचून क्षमता येणें कठीण. पण अर्हता असली म्हणजे क्षमता असतेच असें नाहीं. पोहण्याचें पुस्तक पाठ असणारा खाडींत बुडूं शकतो, हें आगरी-कोळ्यांच्या मुलांना निराळें सांगावयास नको.

आमच्या परिचयाच्या एका घरीं अलीकडे घडलेला प्रसंग सांगतों. आजीबाईंना मधुमेह. सकाळीं उपाशीपोटीं रक्त घेण्यास मुलगा आला. तो नम्र होता, हाताचा हलका होता. आजीबाईंना सुई कळलीही नाहीं. परंतु साखरेच्या तपासणीसाठीं करड्या टोपणाची नळी लागते, तिच्याऐवजीं त्यानें साधी नळी घेतली आणि आणखी चार घरांचे नमुने गोळा करीत ती दुपारपर्यंत उन्हांत पिशवींतून फिरविली. अहवालांत साखर बरीच कमी आली. घरचे आनंदले, गोळी कमी करावी काय, अशी बोलणीं निघालीं. डॉक्टरांना मात्र संशय आला. त्यांनीं पुन्हां तपासणी करविली, तेव्हां साखर पूर्वीइतकीच निघाली.

यांतील मर्म असें कीं, रक्त शरीराबाहेर आलें तरी त्यांतील पेशी कांहीं काळ जिवंत राहतात आणि त्या नळींतील साखर खात राहतात. दर तासाला सुमारें ५ ते ७ टक्के साखर अशा रीतीनें कमी होते. उष्णतेंत त्याहूनही अधिक. करड्या टोपणाच्या नळींत फ्लोराइड नांवाचें द्रव्य असतें, तें पेशींचें हें खाणें बऱ्याच अंशीं आवरून धरतें. याच प्रकारें रक्त जोरानें ओढलें तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील पोटॅशियम बाहेर पडतें आणि निरोगी माणसाचा अहवाल भयंकर दिसूं लागतो. नळीवर दुसऱ्याचें नांव लिहिलें गेलें तर रक्तगटाचा घोटाळा होऊन रक्त देतांना प्राणावर बेततें. आजीबाईंच्या प्रसंगीं यंत्र बरोबर होतें, गणित बरोबर होतें, सहीही खरी होती. चूक मात्र सुई काढल्याबरोबर घडून गेली होती.

आतां हिवतापाचें उदाहरण घेऊं. ज्या रॉस यांनीं हाफकिन यांचा पक्ष घेतला, त्यांनींच २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिवतापाचा जंतू पाहिला. आजही या रोगाची परीक्षा सूक्ष्मदर्शकाखालीं काचपट्टी पाहून होते. पट्टी पाहणाऱ्यानें तेलाच्या भिंगाखालीं निदान १०० क्षेत्रें पाहिल्यावांचून ‘जंतू नाहींत’ असें लिहूं नये, असा दंडक आहे. दहा क्षेत्रें पाहून कंटाळा करणाऱ्याला कोणी पकडूं शकत नाहीं. पण ज्या मुलाचे जंतू अकराव्या क्षेत्रांत होते, त्याचा ताप त्याची साक्ष देतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा काम करणाऱ्यांची परीक्षा घेऊन त्यांच्या चार श्रेणी लावते. पहिल्या श्रेणीसाठीं जंतू आहेत कीं नाहींत हें ओळखण्यांत निदान ९० टक्के उत्तरें बरोबर यावीं लागतात, आणि तें प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतेंच असतें. नजर मंदावते, संवय सुटते. म्हणून फिरून परीक्षा.

अमेरिकेनें हा धडा मोठी किंमत देऊन घेतला. तेथें १९८७ सालीं वृत्तपत्रांनीं असें उघडकीस आणलें कीं, स्त्रियांच्या कर्करोगाच्या पट्ट्या तपासणाऱ्या कांहीं प्रयोगशाळांत माणसें अवाच्या सवा पट्ट्या घाईघाईनें पाहत, आणि त्यामुळें रोग दृष्टीआड होऊन प्राणहानि झाली. दुसऱ्याच वर्षीं, १९८८ सालीं, तेथें कडक कायदा झाला. अशा पट्ट्या पाहणाऱ्यानें चोवीस तासांत १०० हून अधिक पट्ट्या पाहूं नयेत, असें बंधन आलें. तेथील नियमांप्रमाणें नव्या माणसाची क्षमता पहिल्या वर्षीं दोनदां आणि पुढें दरवर्षीं तपासावी लागते. ती तपासण्याच्या रीति सहा आहेत: काम चालू असतां जवळ उभें राहून पाहणें, निकाल कसे लिहिले जातात हें पाहणें, जुन्या नोंदी तपासणें, यंत्राची निगा कशी राखली जाते हें पाहणें, ज्याचें उत्तर ठाऊक आहे असा नमुना गुपचूप तपासावयास देणें, आणि अडचण आल्यास काय कराल, असें विचारणें. विद्यार्थिमित्रांनो, या सहांत लेखी परीक्षा मुख्य नाहीं, हें पाहून कांहींना आनंद होईल. परंतु या परीक्षा अधिक कठीण आहेत.

आपल्या देशांत काय स्थिति आहे? रक्तपरीक्षेच्या अहवालावर विकृतिशास्त्रांत, म्हणजे पॅथॉलॉजींत, पदव्युत्तर पदवी मिळविलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेंच सही करावी, असें सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर २०१७ रोजीं गुजरातेंतून आलेल्या एका वादांत सांगितलें. अशी पदवी मिळविण्यास एम. बी. बी. एस. चीं साडेपांच वर्षें आणि पुढें तीन वर्षें लागतात. यंत्रावर प्रत्यक्ष काम करणारे तंत्रज्ञ बहुधा डी. एम. एल. टी. ही पदविका किंवा बी. एस्सी. ची त्या विषयांतील पदवी घेतलेले असतात. २०२१ सालीं संसदेनें डॉक्टरांखेरीज इतर आरोग्यसेवकांच्या शिक्षणासाठीं व नोंदणीसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यांत प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञही येतात. यांशिवाय ‘एन. ए. बी. एल.’ ही संस्था आय. एस. ओ. १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें प्रयोगशाळा पारखून मान्यता देते. त्या मानकांत प्रत्येक कामगाराची अर्हता लिहून ठेवणें, त्याला शिक्षण देणें आणि वेळोवेळीं क्षमता पाहणें आवश्यक आहे.

आमच्यासारख्या ख्रिस्ती संस्थेला अभिमान वाटावा असेंही एक उदाहरण आहे. डॉ. आयडा स्कडर यांनीं १९०० सालीं वेल्लोर येथें एका खाटेच्या दवाखान्यापासून ज्या सेवेस आरंभ केला, तिच्यांतून उभें राहिलेलें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय आज देशांतील इतर प्रयोगशाळांना तपासणीसाठीं नमुने पाठवितें. प्रत्येकीनें आपलें उत्तर कळवावयाचें आणि तें इतरांच्या उत्तरांशीं ताडून पाहावयाचें, अशी ती योजना आहे. आपली चूक दुसऱ्याकडून शोधून घेण्यांत कमीपणा नाहीं; ती लपविण्यांत आहे.

पालकांना आमची एवढीच विनंति आहे कीं, अहवाल हातीं आल्यावर केवळ आंकडा पाहूं नये. खालीं सही कोणाची व तिच्याखालीं पदवी कोणती, हें पाहावें. रक्त घेणाऱ्यानें नळीवर नांव तुमच्यासमोर लिहिलें कीं नाहीं, हें पाहावें. निकाल लक्षणांशीं जुळत नसेल तर औषध स्वतःच्या मनानें बदलूं नये. डॉक्टरांना विचारून पुन्हां तपासणी करवावी. असें विचारणें उद्धटपणाचें नव्हे. चांगला तंत्रज्ञ अशा प्रश्नानें रागावत नाहीं, उलट संतोष पावतो.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां पांढरा डगला घालून सूक्ष्मदर्शकापाशीं बसेल. रोगी तुम्हांला पाहणार नाहीं, तुमचें नांवही त्याला कळणार नाहीं. तरी त्याचा जीव कांहीं क्षण तुमच्या हातीं असेल. चिमटा खालीं पडला तर कोणी पाहिलें नाहीं म्हणून तो तसाच उचलूं नका. शंभरावें क्षेत्रही पहिल्याइतक्याच लक्षानें पाहा. प्रयोगवहींत उत्तर जुळविण्यासाठीं आंकडा फिरविण्याची संवय आजच सोडा, कारण तीच संवय पुढें अहवालावर उतरते. जें काम मनुष्यांच्या दृष्टीआड होतें, तें परमेश्वराच्या दृष्टीआड होत नाहीं, हें स्मरून जो हात चालेल, त्याच्याच हातीं आपल्या माणसांचें रक्त निर्धास्तपणें द्यावें.