रक्त घडविणारे जीवनसत्त्व : फोलिक ॲसिड

जीवनसत्त्व म्हणजे अंगात ताकद भरणारे औषध, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक शक्ती मिळते ती भाकरी, डाळ व तेलातून. जीवनसत्त्वे अत्यल्प लागतात; मात्र त्यांच्यावाचून शरीराची कामे अडून पडतात. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले.

सन १९२८ मध्ये डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो अज्ञात घटक म्हणजेच फोलिक ॲसिड. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी ते पालकाच्या पानांतून मिळविले व लॅटिनमधील 'फोलियम' म्हणजे पान, यावरून त्याला नाव दिले.

नवी पेशी तयार होताना डीएनएची नक्कल व्हावी लागते. त्या कामी फोलिक ॲसिड लागते. ते कमी पडले की हाडांच्या मगजात तांबड्या पेशी मोठ्या, अर्धवट व संख्येने थोड्या बनतात. आम्हा बँकेतील माणसांच्या भाषेत सांगायचे तर, भरणा थांबला की शरीरातील शिल्लक तीन-चार महिन्यांत संपते. गरोदरपणी तर खर्च वाढलेला असतो.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, म्हणून हा विषय अधिक जवळचा आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची १० ते २० दिवसच. नव्या पेशी सतत घडवाव्या लागत असल्याने डॉक्टर अशा रुग्णांना फोलिक ॲसिड देतात. लोहाची गोळी मात्र त्यांनी तपासणीशिवाय घेऊ नये. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तेव्हा लग्न जुळविताना पत्रिकेऐवजी रक्ततपासणीचा कागद पाहावा.

मेथी, पालक, हरभरा, चवळी, भुईमूग आपल्या आठवडी बाजारात मिळतात. भाजी फार उकळू नये, तिचे पाणी फेकू नये. वर लिंबू पिळावे. शासकीय दवाखान्यात गरोदर मातांना लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस त्या रोज घ्याव्यात. मळमळते म्हणून गोळ्या फडताळात पडून राहू नयेत.

घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला भाजी उरत नाही. विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या आईच्या ताटात काय वाढले आहे, एवढे अवश्य पाहा.