संगणकावरील अधिकारांची ओळख

उणकल येथील चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वर मंदिरास चारही दिशांना द्वारे आहेत; येणाऱ्यास ती दिसतात. आज्ञा टंकून चालविण्याच्या संगणकावर मात्र कोणती वाट खुली आहे, हे बहुधा नकार मिळाल्यावरच कळते. मग कर्मचारी सरसकट अधिकार मागतो आणि सुरक्षितता धोक्यात येते.

सामान्य वापरकर्त्यास ठरावीक विशेष कामे करू देणारी ‘सुडू’ ही आज्ञा १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात तयार झाली. तिला ‘-एल’ हा पर्याय जोडल्यास वापरकर्त्यास अनुज्ञेय आज्ञांची यादी मिळते.

अशी सोय करताना तीन पथ्ये पाळावीत : यादी व प्रत्यक्ष नियंत्रण एकाच नियमावलीवर आधारलेले असावे, सामान्य वापरकर्त्यास केवळ स्वतःचेच अधिकार दिसावेत, आणि नकार देतानाच यादी पाहण्याचा मार्ग सांगावा.